काठी कोरायची तर आधी उभी करा

लाकडी काठी आपल्या हाताने घडवावी, तिच्यावर थोडं नक्षीकाम करावं, असं मनात आलं की माणूस आधी चाकू आणायला निघतो. माझा आग्रह असा की आधी टेप हातात घ्या. काठी कोणाच्या तरी शरीराचा भार घेणार असते. तिच्यावर नाग कोरायचा की मोर, हा प्रश्न नंतरचा. ती त्या माणसाच्या उंचीला, तळहाताला आणि चालीला बसते का, हा पहिला. हौसेने केलेल्या कितीतरी काठ्या दिसायला देखण्या असतात आणि दाराच्या कोपऱ्यातच उभ्या राहतात, कारण त्या हातात धरून चालता येत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी काठी करणार असाल तर त्यांना रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायला सांगा. हात मोकळे सोडलेले हवेत. मनगटाची घडी जमिनीपासून जितकी उंच, तितक्या उंचीवर मुठीची वरची बाजू यायला हवी. अशी काठी टेकली की कोपर थोडंसं, साधारण पंधरा-वीस अंशांत वाकतं आणि खांदा वर उचलला जात नाही. कुठल्याही ठरावीक आकड्यावर विसंबून कापू नका, माणूस मोजा. खाली बसवायच्या रबरी टोपीची जाडी त्यातून वजा करा. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते: काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ज्यांचा तोल जातो किंवा ज्यांना लकव्यानंतर चालायला शिकायचं आहे, त्यांच्यासाठी मात्र घरची काठी करायच्या आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.

शेतातून, धुऱ्यावरून, चिखलातून चालायला काठी हवी असेल तर हिशोब बदलतो. ती छातीपर्यंत उंच ठेवा, म्हणजे चढाला खाली आणि उताराला वर धरता येते. गुराख्याची काठी त्याहून थोडी उंच असते. तो तिच्यावर दोन्ही हात ठेवून रेलून उभा राहतो, म्हणून तिला मूठ लागत नाही, वरचं टोक गोल आणि गुळगुळीत असलं की झालं.

आता लाकूड. ते शोधायला लांब जावं लागत नाही, उदाहरणादाखल गोंदिया तालुक्यातलं कामठा गाव घ्या. भोवती भाताच्या बांध्या, बांध्यांच्या धुऱ्यांवर बाभूळ आणि पळस, परसात पेरू, निंब, लिंबू, बोर. शिकाऊ माणसाला याहून जास्त काही लागत नाही. पहिल्या काठीसाठी मी पेरूची फांदी सुचवीन. पेरूचं लाकूड चिवट, दाट आणि बारीक पोताचं असतं, सहसा चिरत नाही, आणि छाटणी केलेल्या झाडाला सरळ उंच फुटवे येतात. बोरही चांगली, फक्त काटे सोलून घ्या. बाभूळ मजबूत पण जड, आणि वाळली की चाकूला दाद देत नाही, म्हणून तिच्यावर कोरायचं ते ती अर्धी ओली असतानाच. कडुनिंब सोपा आहे, मात्र फांदी बारीक असेल तर काठी कमकुवत होते. जुने जाणकार काठीसाठी धामणीचं नाव घेतात. ते लाकूड वाकतं पण मोडत नाही, म्हणून धनुष्याला आणि कावडीच्या दांड्याला ते वापरलं जायचं. धावडाही तसाच, कुऱ्हाडीच्या दांड्याचा. पण ही दोन्ही जंगलातली झाडं, आणि तिथे कायद्याचा प्रश्न येतो.

हा कायदा नीट समजून घ्या. राखीव जंगलातून वाळकी फांदी उचलणंही परवानगीशिवाय चालत नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून तर काहीच आणायचं नाही. स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी सागवान, मोह, बीजा, हळदू, तिवस, ऐन, आंबा, चिंच अशा झाडांच्या तोडीवर १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियमाचं बंधन आहे. सागवानाची काठी करायची असेल तर सुताराकडे उरलेली पट्टी मिळते, ती घ्या. बांबूचं तसं नाही. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमातल्या ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळे जंगलाबाहेर, आपल्या शेतात वाढलेला बांबू आता त्या कायद्याच्या लेखी झाड नाही. जंगलातल्या बांबूसाठी सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडे जाता येतं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं आणि बांबू विकण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. आपल्या भागात ज्या गावांना असा हक्क मिळाला आहे त्यांच्याकडून रीतसर बांबू घेणं हा सरळ मार्ग आहे.

बांबू घ्यायचाच तर भरीव घ्या, ज्याला मानवेल म्हणतात. लाठी याचीच होते. कटांग पोकळ आणि जाड, तो काठीच्या कामाचा नाही. तीन वर्षांहून कोवळा बांबू वाळल्यावर सुरकुततो आणि त्याला भुंगा लवकर लागतो. बांबूत साखर आणि पिठूळ द्रव्य असतं, भुंग्याला तेच हवं असतं. म्हणून तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे तळ्याच्या किंवा वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची जुनी रीत आहे. हे द्रव्य त्यात बरंचसं निघून जातं. पाण्याला वास येतो, त्याची काळजी करू नका. बांबूवर खोल कोरीवकाम होत नाही, कारण ताकद सगळी बाहेरच्या कवचात असते. त्यावर वरवर रेघा ओढायच्या किंवा तापल्या लोखंडाने नक्षी डागायची. छत्तीसगडमधल्या बस्तरचे कारागीर बांबूच्या बासऱ्यांवर हे डागकाम फार सुंदर करतात.

दोन झाडांपासून मात्र लांब राहा. एक बिबा, म्हणजे भिलावा. याच्या सालीचा रस अंगाला लागला की फोड येतात, आणि त्याची ओली फांदी सोलणं म्हणजे हात, चेहरा, डोळे सगळं धोक्यात घालणं. कापल्यावर रस हळूहळू काळा पडतो, ही त्याची खूण. दुसरी कण्हेर. तिच्या फांद्या सरळ आणि हलक्या असतात म्हणून मोह होतो, पण ती अंगभर विषारी आहे. कोणती फांदी कशाची हे ओळखता येत नसेल तर गावातल्या गुराख्याला किंवा वैदूला दाखवा आणि मगच चाकू लावा.

तोडायचा काळ दिवाळीनंतरचा, होळीच्या आतला. तेव्हा झाडात रस कमी असतो आणि लाकूड कमी चिरतं. बुंध्याशी सव्वा ते दीड इंच जाड आणि लागणाऱ्या लांबीपेक्षा दोन विती जास्त लांब फांदी घ्या, कारण टोकं थोडी चिरतातच. तोडल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट लावा. लाकडातलं पाणी टोकांतून फार वेगाने निघून जातं, आणि तडे जातात ते त्यामुळे. साल तशीच राहू द्या. फांद्या सावलीत, हवेशीर जागी, आडव्या ठेवा, दोन-तीन ठिकाणी आधार द्या. गोंदियाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात काठी वाळायला टाकलीत तर संध्याकाळपर्यंत ती उभी चिरलेली असेल. घाई करू नका. इतक्या जाडीच्या काठीला वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं. वाळली की नाही हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे आहे. दर महिन्याला वजन करा, सालीवर पेन्सिलीने लिहा. दोन महिने वजन उतरलं नाही की लाकूड तयार. मात्र पावसाळ्यात वजन पुन्हा थोडं वाढतं, तेव्हाचा आकडा धरू नका.

वाकडी काठी सरळ करता येते आणि हे कौशल्य शिकण्यासारखं आहे. बुरड कारागीर बांबू निखाऱ्यावर धरून, तेलाचा हात फिरवत सरळ करताना पाहिले तर पुस्तकातल्यापेक्षा जास्त शिकाल. लाकडी काठीला निखाऱ्यापेक्षा वाफ बरी. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, वाकलेला भाग वाफेवर धरा, भोवती ओलं पोतं गुंडाळा. अर्ध्या-पाऊण तासाने लाकूड मऊ पडतं. मग झाडाच्या बेचक्यात अडकवून बाक आहे त्याच्या उलट दिशेला, हव्या त्यापेक्षा थोडं जास्त वाकवा, कारण सोडल्यावर ते परत येतं. थंड होईपर्यंत तसंच बांधून ठेवा. पण प्रत्येक बाक काढायलाच हवा असं नाही. वरचं टोक आणि खालचं टोक एका ओळंब्यात आलं की मधला हलका बाक भाराला आड येत नाही, आणि काठीला तिचा स्वतःचा चेहरा राहतो.

अवजारं फार लागत नाहीत. दोन-अडीच इंच पात्याचा, न दुमडणारा चाकू, ज्याची मूठ तुमच्या हाताला भरून येईल. बारीक दात्यांची करवत. लाकडाची खरबरीत कानस. एक अरुंद गोल पटाशी आणि एक सपाट पटाशी. पॉलिश पेपर ८०, १५० आणि २४० नंबरचे. धार लावायचा दगड आणि जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा. या शेवटच्या दोन वस्तूंवर खर्च करा आणि बाकीच्यात काटकसर करा. बोथट चाकू जास्त कापतो, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोराने निसटलेलं पातं हातात घुसतं. दगडावर पातं साधारण वीस अंशांत टेकवून दोन्ही बाजूंनी सारखं घासा, मग चामड्यावर उलट्या दिशेने ओढा. मऊ लाकडाच्या तुटक्या टोकावर आडवा काप द्या. काप चकचकीत आला तर धार आली, पांढरट आणि खरबरीत आला तर परत दगडावर.

बसताना दोन्ही कोपरं मांड्यांवर टेका, पातं शरीरापासून बाहेर. चाकूचा हात फार हलवायचा नाही. काठी धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीवर ढकलत छोटे छोटे ढलपे काढायचे. त्या अंगठ्याला चामड्याची टोपी घाला. हात पसरून चाकू फिरवला तर जिथवर पोचेल तिथवर कोणी बसलेलं नको, लेकरं तर नकोतच.

लाकडाचे तंतू ज्या दिशेला आत उतरतात त्या दिशेने चाकू घातला की तो खोल घुसतो आणि चिरफाळी निघते. अशा वेळी जोर लावू नका, काठी फिरवून उलट बाजूने या. गाठीजवळ तंतू वळलेले असतात, तिथे दोन्ही बाजूंनी गाठीकडे चढत यायचं.

नक्षीची पायरी सगळ्यात शेवटी आहे आणि तिची जागा ठरलेली आहे. जिथे तळहात बसतो तिथे काही कोरायचं नाही. खालच्या दीड वितीत काही कोरायचं नाही, कारण तो भाग चिखल, दगड आणि पाणी खातो. मुठीच्या चार बोटं खालपासून मधल्या भागापर्यंत नक्षीला मोकळीक. खोली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि काठीभोवती पूर्ण गोल खाच कधीही पाडू नका. भार पडल्यावर काठी मोडते ती त्या खाचेतच. खाच तिरकी, वळत गेलेली असेल तर ताकद फारशी कमी होत नाही. नाग, वेल, दोरीचा पीळ या नक्ष्या जुन्या काठ्यांवर सर्रास दिसतात. त्यांनी काठी कमजोर होत नाही, हे मला त्यांच्या टिकण्याचं एक कारण वाटतं.

नागच करून पाहा. तुमची काठी एक इंच जाड असेल तर तिचा घेर तीन इंचांहून किंचित जास्त असतो. अर्ध्या इंचाची कागदी चिकटपट्टी घ्या आणि दर सहा इंचांत एक फेरा होईल अशी तिरकी गुंडाळत जा. पट्टीच्या दोन्ही कडांनी पेन्सिलीची रेघ मारा, पट्टी काढा. दोन रेघांमधला भाग म्हणजे नाग. आता रेघेवर चाकूचं टोक उभं धरून दोन मिलिमीटर खोल काप द्या. मग बाहेरच्या बाजूने तिरका काप त्या उभ्या कापाकडे न्या. ढलपा आपोआप सुटून पडेल आणि रेघेपलीकडे फाटणार नाही. आधी उभा, मग तिरका, हा क्रम सगळ्या कोरीवकामाचा पाया आहे. दोन्ही रेघांनी असं गेलात की नाग वर येतो. त्याच्या कडा चाकूने गोल करा, बाहेरचं लाकूड कानसीने आणि पेपरने सपाट करा. खवल्यांसाठी गोल पटाशी अंगावर हलकी दाबून ओळी ओळींनी ठसे उमटवा, वरच्या ओळीतल्या दोन ठशांच्या मध्ये खालचा ठसा येईल असे. डोळे कोरत बसू नका, लहान खिळ्याच्या टोकाने ठिपके पुरतात.

कोरायला हात धजत नसेल तर त्याहून सोपी वाट आहे. ओली फांदी सोला, पण साल उभी न काढता एक लांब तिरकी पट्टी काढा आणि तीच पट्टी काठीभोवती परत गुंडाळून घट्ट बांधा. मग काठी पेंढ्याच्या धुरावर फिरवत राहा. उघडा भाग काळवंडतो, पट्टीखालचा पिवळा राहतो. पट्टी काढली की काठीभर पीळ उमटलेला दिसतो, चाकू लावावाच लागत नाही.

नंदीच्या तोंडाची मूठ हवी असं बऱ्याच जणांना वाटतं. विदर्भात तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घराघरांत येतो, त्यामुळे ते स्वाभाविक आहे. पोळ्याआधी नंदी घडवणाऱ्या सुताराजवळ थोडा वेळ बसा. तो वाकसाने आधी ढोबळ ठोकळा पाडतो, डोळे-नाकपुड्यांकडे शेवटपर्यंत वळत नाही. ही शिस्त उचला. पण नंदीची उभी शिंगं काठीवर आणू नका. ती तळहाताला टोचतात आणि काठी पडली की मोडतात. शिंगं मानेवर मागे टेकवा, कान चिकटलेले ठेवा, पाठ गुळगुळीत सोडा.

आडवी मूठ वेगळ्या तुकड्याची करणार असाल तर तिचे तंतू मुठीच्या लांबीच्या दिशेने असावेत. उभ्या तंतूंची मूठ नाकाजवळ तुटते. चार ते पाच इंच लांब आणि सव्वा इंच जाड मूठ बहुतेकांना बसते, संधिवाताच्या बोटांना थोडी जास्त जाड बरी. जोडायला आठ मिलिमीटरची आटे पाडलेली सळई वापरा, ती काठीत अडीच इंच आणि मुठीत जमेल तितकी आत जाऊ द्या, अ‍ॅराल्डाइट लावून एक दिवस हलवू नका. भोक पाडताना काठीच्या टोकाला पट्टी गुंडाळा, नाहीतर ते उभं फाटतं. नुसत्या खिळ्याने किंवा फेव्हिकॉलने जोडलेली मूठ म्हाताऱ्या माणसाच्या हातात देऊ नये.

काठी देण्याआधी तपासा. दोन्ही टोकं विटांवर टेकवा आणि मध्ये दोन्ही हातांनी वजन टाका. लाकूड वाकून परत आलं तर ठीक. बारीकसा कटकट आवाज आला तर ती काठी भिंतीवर टांगायची, चालायला नाही.

वरून काय लावायचं, याला आपल्याकडे उत्तम उत्तर आहे: जवसाचं तेल. हे तेल हवेत सुकून कडक होतं. कापडाने पातळ हात फिरवा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या, दोन-तीन दिवस वाळू द्या, असे तीन-चार हात. मोहाच्या टोरीचं किंवा करंजाचं तेल लावू नका, ती सुकत नाहीत आणि मूठ चिकट राहते. एक खबरदारी मात्र मनापासून सांगतो: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून टाकू नका. सुकताना तो आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा. दांड्याला चकाकी हवी असेल तर चपड्याचं पॉलिश करा. पळसावर आणि कुसुमावर होणारी लाख हीच, आणि लाखेचा व्यापार गोंदियाला नवा नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये शंभर-सव्वाशे ग्रॅम चपडा रात्रभर विरघळवा, कापडाने पातळ थर द्या. मात्र चपड्यावर पाणी पडलं की पांढरे डाग येतात, म्हणून मुठीला तेलच.

शेवटी खाली शेंबी किंवा रबरी टोपी. दगडी वाटेवर आणि शेतात लोखंडी शेंबी टिकते, पण फरशीवर ती घसरते, आणि घरात पडणं म्हाताऱ्या माणसाला महागात जातं. घरात चालणाऱ्यासाठी रबरीच बसवा. औषधाच्या दुकानात वेगवेगळ्या मापांत मिळते, काठीचं खालचं टोक कानसीने त्या मापाला आणा, टोपी ढिली नको. तळाच्या रेघा झिजल्या की बदला. पावसाळ्याआधी दरवर्षी काठीला तेलाचा एक हात द्या. आणि पहिली काठी घासत असतानाच परसातल्या पेरूकडे बघून ठेवा. पुढच्या हिवाळ्यात छाटायच्या फांदीला आत्ताच खूण केलीत, तर दुसरी काठी त्याच्या पुढच्या दिवाळीपर्यंत तयार होईल.